बोधचिन्ह

बोधचिन्ह म्हणजे एखादी संस्था, माल किंवा मोहीम पाहताक्षणी ओळखता यावी म्हणून ठरवलेली आकृती. बोलताना सगळे ‘लोगो’च म्हणतात, सरकारी पत्रकांत आणि स्पर्धांच्या जाहिरातींत ‘बोधचिन्ह’ हा शब्द टिकून आहे. या शब्दामुळे एक गैरसमजही रुजला आहे. चिन्हाने बोध करून दिलाच पाहिजे, म्हणजे संस्थेचे सारे काम चित्रातून सांगितले पाहिजे, असे अनेकांना वाटते. मग मशाल, पुस्तक, दातेरी चाक, गव्हाची ओंबी आणि उगवता सूर्य एकाच वर्तुळात दाटीवाटीने बसतात. लोकांच्या लक्षात राहिलेली चिन्हे बहुधा अशी नसतात.

भारतीय स्टेट बँकेचेच चिन्ह घ्या. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा तिचे चिन्ह वटवृक्षाचे होते. १९७१ मध्ये त्या जागी निळे वर्तुळ आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी ते केले. मधोमध छोटा पांढरा गोल आणि त्यातून खाली कडेपर्यंत उतरलेली पांढरी चीर, एवढाच ऐवज. कुणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कुणाला मोठ्या बँकेतला छोटा माणूस. अहमदाबादचे कांकरिया तळे वरून असेच दिसते, अशी कथाही फिरते. ती खरी असो वा नसो, आकृती मोकळी असल्यामुळेच लोकांना तिच्यात काहीतरी पाहावेसे वाटते. वटवृक्षाला ही सोय नव्हती. झाड ते झाडच.

दुसरा गुण कारागिरीचा. बँकेचे चिन्ह पासबुकावर छापायचे, पत्राच्या माथ्यावर बसवायचे, पाटीवर रंगवायचे आणि रबरी शिक्क्यातही कोरायचे असते. शिक्का ही सर्वांत कडक परीक्षा. गादीत शाई जास्त झाली की बारीक रेघा बुजतात आणि पानापारंब्यांचा नुसता डाग होतो. वर्तुळ, भोक आणि चीर मात्र शाई फासली तरी ओळखू येतात. भिंतीवर काढायचे तर पेंटरला खिळा, सुतळी आणि खडू पुरतो. आता शिक्क्याच्या जागी मोबाइलवरचा नखाएवढा चौकोन आला आहे, अट तीच आहे. रंगाचेही तसेच: जे चिन्ह काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये हरवते, ते मुळातच आकारावर नव्हे, रंगावर उभे असते.

अर्थ चिन्हात भरलेला नसतो, तो वापराने साचत जातो. कुटुंबनियोजनाच्या प्रचारातला खाली टोक असलेला लाल त्रिकोण पाहा. त्रिकोणाचा आणि पाळणा लांबवण्याचा मुळात काय संबंध? तरीही १९६० च्या दशकापासून दवाखान्यांच्या आणि सरकारी भिंतींवर तो इतका दिसला, की ‘लाल त्रिकोण’ हेच मोहिमेचे नाव होऊन बसले. नायके या अमेरिकी बूट कंपनीची बाकदार खूण कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ मध्येच, ३५ डॉलरच्या मोबदल्यात करून दिली. कंपनीच्या संस्थापकाला ती पहिल्या नजरेत काही फार आवडली नव्हती.

चित्रमय चिन्ह चालतच नाही, असे मात्र नाही. आयुर्विमा महामंडळाचे, ज्योतीला आडोसा देणारे दोन हात सरळसरळ चित्रच आहे. पण वाऱ्यात दिवा विझू नये म्हणून हात आडवा धरणे ही घराघरातली कृती असल्याने ते समजावून सांगावे लागत नाही. खालचे ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे गीतावचन न वाचताही चित्र पोहोचते.

अक्षरांवर बेतलेल्या चिन्हांत देवनागरीच्या अडचणी वेगळ्या. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. त्यामुळे शब्दाला उंची जास्त लागते आणि लहान आकारात ‘बँक’मधला अर्धचंद्र आणि टिंब एकमेकांत मिसळतात. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत मराठी नाव कोंबले, की ते हमखास बुटके दिसते. उलट शिरोरेषेचेच बळही होते. आयआयटी मुंबईत पीएचडी केलेल्या डी. उदय कुमार यांचे रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्यात देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा नसलेला रोमन ‘आर’ एकजीव झाले आहेत. ते बोधचिन्ह नव्हे, चलनचिन्ह आहे. पण हाताने दोन-तीन फटकाऱ्यांत लिहिता येते, हा गुण दोघांनाही हवा.

रुळलेले चिन्ह बदलणे जोखमीचे असते. गॅप या अमेरिकी कपडे कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये नवे चिन्ह आणले आणि ग्राहकांच्या ओरडीनंतर आठवड्याभरात मागे घेतले. याउलट १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबादसह पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या, तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी शाखांवरचे नाव बदलले, निळे वर्तुळ मात्र आधीपासूनच तिथे होते.

भारतात चिन्हांना व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार संरक्षण मिळते. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. केवळ मालाचा प्रकार, दर्जा किंवा उपयोग सांगणारे चिन्ह नोंदणीस पात्र ठरत नाही. अर्जापूर्वीच्या वापराने त्याला स्वतःची ओळख मिळाली असेल, तर तो अपवाद.