किल्ला, डोंगर आणि व्हिस्की एकाच दिवसात कसे आले? स्कॉटलंडच्या डे ट्रिपमागची गोष्ट

स्टर्लिंगच्या किल्ल्यावर गेलं की एक किस्सा बहुतेक वेळा कानावर पडतोच. १५०७ मध्ये जॉन डेमियन नावाचा, मूळचा इटलीचा माणूस, पक्ष्यांच्या पिसांचे पंख बांधून या तटावरून फ्रान्सला उडत जायला निघाला, खाली उकिरड्यावर पडला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. नंतर म्हणे त्याने सांगितलं की चूक पिसांची झाली, गरुडाच्या पिसांत कोंबडीची मिसळली गेली आणि कोंबडीची ओढ उकिरड्याकडेच असते. लोक हसतात आणि पुढच्या दालनात जातात. पण हाच डेमियन राजा चौथा जेम्सच्या पदरी किमयागार होता, सोनं बनवायच्या खटपटीत होता, आणि त्याच्या प्रयोगांसाठी राजाच्या खजिन्यातून जे सामान जायचं त्या हिशेबात अॅक्वा व्हिटे, म्हणजे ‘जीवनजल’, पण येतं. ते जीवनजल म्हणजे आजच्या व्हिस्कीचं जुनं रूप. म्हणजे डे ट्रिपमध्ये दुपारी डिस्टिलरीत, व्हिस्की गाळायच्या कारखान्यात, जे चाखायचं असतं त्याची गोष्ट सकाळी किल्ल्यातच सुरू झालेली असते, फक्त बसमध्ये ते कुणी जोडून सांगत नाही.

एडिंबरा किंवा ग्लासगोहून निघणाऱ्या या एक दिवसाच्या ट्रिपा बघितल्या तर साचा तोच असतो, सकाळी मिनीबस, स्टर्लिंग किंवा डूनचा किल्ला, मग लॉक लोमंडचं तळं नाहीतर ट्रोसॅक्सचे डोंगर, मग डिस्टिलरी आणि संध्याकाळी परत. मला आधी वाटायचं की टूरवाल्यांनी इतिहासवाले, निसर्गवाले आणि पिणारे अशी तीन प्रकारची माणसं एका गाडीत बसवायची युक्ती काढलीय. वाचत गेलो तसं कळलं की किल्ले, ते मोकळे डोंगर आणि ती दारू या तिघांना एकाच इतिहासाने घडवलंय, आणि त्यात सगळ्यात मोठा हात कराचा आहे.

व्हिस्कीची स्कॉटलंडमधली सगळ्यात जुनी लेखी नोंद १४९४ ची, तीसुद्धा सरकारी हिशेबाच्या वहीतली. राजाच्या हुकमावरून फ्रायर जॉन कॉर या धर्मबंधूला जीवनजल करायला आठ बोल माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दिलं, एवढंच त्यात आहे. बोल हे तेव्हाचं धान्य मोजायचं माप, आणि आठ बोल हे एकट्या माणसाच्या औषधापुरतं नक्कीच नव्हतं, म्हणजे ही कला तोवर चांगली रुळलेली असणार. या कॉरचं नाव फाइफमधल्या लिंडोर्स मठाशी जोडलं जातं. मठाचे आता फक्त भग्न अवशेष उरलेत, पण समोरच २०१७ पासून नवी डिस्टिलरी चालू आहे. तेव्हा हे औषधच होतं, १५०५ मध्ये एडिंबऱ्यात ते बनवायचा हक्क न्हावी-शल्यविशारदांच्या संघाला मिळाला होता! गेलिक भाषेत जीवनजलाला ‘उश्क बेहा’ म्हणायचे, त्यातला पहिला शब्द इंग्रजी तोंडात घासत घासत व्हिस्की झाला.

मग घरोघरी व्हायला लागलं. बार्ली पिकायची, हिवाळा लांब, उरलेलं धान्य ओल धरून खराब होण्यापेक्षा त्याला मोड आणून, वाळवून, आंबवून तांब्याच्या भांड्यात चढवायचं, आणि जो चोथा उरतो तो गुरांना. हायलँड, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या, खंडाने जमीन कसणाऱ्यांसाठी हा शेतीचाच भाग होता, खंड भरायला रोकड यातूनच उभी राहायची. आणि जिथे रोकड दिसते तिथे सरकार येतंच. १६४४ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने पहिल्यांदा दारूवर अबकारी कर बसवला, १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झालं, आणि १७२५ मध्ये लंडनने माल्टवर कर लादला तर ग्लासगोत दंगल पेटली.

आता डोंगरांकडे येऊ, कारण १७२५ हेच साल तिथेही येतं. पदच्युत झालेल्या स्टुअर्ट घराण्याला परत गादीवर बसवू पाहणारे जॅकोबाइट हायलँडमध्ये पुन्हा पुन्हा उठत होते, म्हणून जनरल वेडला तिकडे पाठवलं आणि त्याने पुढच्या बारा-पंधरा वर्षांत सुमारे ४०० किलोमीटर लष्करी रस्ते बांधले. अॅबरफेल्डीला टे नदीवरचा त्याचा १७३३ चा दगडी पूल अजून वापरात आहे, आणि एडिंबऱ्याहून निघालेली टूर बस डंकेल्डच्या पुढे पिटलॉक्रीकडे ज्या मार्गाने जाते तो बराचसा वेडने आखलेल्याच वाटेने जातो. सैन्य पटकन पोचावं म्हणून केलेले हे रस्ते १७४५ च्या उठावात जॅकोबाइटांनाच दक्षिणेकडे उतरायला कामी आले. त्यांनी डूनच्या किल्ल्यात कैदी ठेवले, १७४६ च्या सुरुवातीला स्टर्लिंगच्या किल्ल्याला वेढाही घातला पण तो पडला नाही, आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर तासाभराच्या लढाईत जॅकोबाइट हरले आणि सगळं संपलं.

त्यानंतर जे झालं ते वाचताना वाईट वाटतं. हत्यारं काढून घेतली, पुरुषांनी हायलँडचा पोशाख घालायला बंदी आली, ती १७८२ पर्यंत राहिली, क्लॅनच्या, म्हणजे एका वंशाच्या म्हणवणाऱ्या घराण्यांच्या, प्रमुखांचे न्यायाचे अधिकार गेले. हळूहळू ते प्रमुख निव्वळ जमीनदार झाले, आणि जमीनदाराला माणसांच्या खंडापेक्षा मेंढ्यांचं भाडं जास्त मिळायचं. मग खोरीच्या खोरी रिकामी करण्यात आली, कुणी समुद्रकाठच्या नापीक तुकड्यांवर, कुणी ग्लासगोच्या गिरण्यांत, कुणी जहाजातून थेट कॅनडाला. जंगलं त्याआधीच बरीचशी तुटलेली होती, नवी रोपं मेंढ्यांनी आणि हरणांनी वर येऊ दिली नाहीत. बसच्या खिडकीतून जे मोकळे, उघडे, सुंदर डोंगर दिसतात आणि ज्यांचे फोटो आपण काढतो ते बऱ्याच ठिकाणी निसर्गाने तसे ठेवलेले नाहीत, तिथे गावं होती. उतारावर गवतात नीट बघितलं तर घरांच्या भिंतींचे पायाचे दगड दिसतात. मला वाटतं गाइडने पाच मिनिटं गाडी थांबवून फक्त एवढं जरी दाखवलं तरी त्या ट्रिपचे पैसे वसूल आहेत.

याच काळात चोरटी दारू फोफावली आणि त्याला कारण सरकारचाच कायदा. १७८४ मध्ये वॉश अॅक्ट आला आणि नकाशावर पश्चिमेच्या क्लाइडच्या खाडीपासून पूर्वेच्या टे नदीच्या मुखाकडे जाणारी एक तिरकी रेघ ओढली गेली, तीच हायलँड लाइन. रेघेच्या वर छोटी भांडी, साधारण २० गॅलनपर्यंतची, कर कमी, पण माल रेघेच्या खाली विकायचा नाही. रेघेच्या खाली लोलँडमध्ये काही वर्षांत भांड्याच्या आकारावर वार्षिक कर लागला, आणि तो वाढवत नेला, १७८६ मध्ये गॅलनमागे दीड पौंड होता तो १७९७ मध्ये ५४ पौंड! आता कर जर भांड्यावर आहे, किती दारू काढली त्यावर नाही, तर धंदेवाला काय करणार, त्याने पसरट उथळ भांडी केली आणि खाली भसाभस आग लावून काही मिनिटांत एक घाणा उतरवायला लागला. ती दारू जळकी आणि तिखट व्हायची. वर डोंगरात मात्र छोट्या भांड्यात, मंद आचेवर, कुणाची घाई नाही अशी निघालेली हातभट्टी चवीला कितीतरी सरस, त्यामुळे शहरातले वकील, डॉक्टर, धर्मगुरूसुद्धा चोरून आणलेलीच प्यायचे. हायलँडची म्हणजे चांगली ही जी समजूत आजही लेबलांवर विकली जाते तिचं मूळ इथे आहे.

चोरट्यांच्या गोष्टी तर ढिगाने सांगतात. मला आवडलेली ही, की भट्टी दाखवून देणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं, मग लोक आपल्याच भट्टीतली वाफ थंड करायची झिजलेली जुनी नळी दाखवून द्यायचे आणि बक्षिसाच्या पैशात नवी तांब्याची नळी घ्यायचे.

पर्यटन मात्र वेगळ्याच वाटेने आलं, कवितेच्या. वॉल्टर स्कॉट या कवी-कादंबरीकाराने १८१० मध्ये लॉक कॅट्रिनच्या परिसरात घडणारं एक दीर्घ काव्य लिहिलं, ते इतकं खपलं की लोक ते तळं शोधत ट्रोसॅक्समध्ये यायला लागले, तिथे नीट उतरायची सोयही नव्हती तेव्हा. याच स्कॉटने १८१८ मध्ये एडिंबऱ्याच्या किल्ल्यातली, १७०७ पासून बंद असलेली पेटी उघडवून स्कॉटलंडचा राजमुकुट बाहेर काढला, तो आजही लोक रांग लावून बघतात. आणि १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हाचा सगळा सोहळाही त्यानेच बसवला, ज्या टार्टनवर, म्हणजे हायलँडच्या चौकड्यांच्या कापडावर, ४० वर्षांपूर्वीपर्यंत बंदी होती तेच घालून स्वतः राजा मिरवला. राजाने प्यायला मागितली हायलँडमधल्या ग्लेनलिव्हेट खोऱ्यातली व्हिस्की, जी तेव्हा सरळसरळ बेकायदेशीर होती.

पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, कायदा बदलला, कर निम्म्याहून खाली आणला आणि वर्षाला १० पौंडात परवाना. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये परवाना घेतला तर शेजारचे चोरटे भट्टीवाले त्याची डिस्टिलरी जाळायला निघाले, एका जमीनदाराने त्याला पिस्तुलांची जोडी दिली आणि ती कमरेला लावून तो धंदा करायचा. पण दहा-वीस वर्षांत चित्र पालटलं, लपायच्या जागाच परवान्याच्या डिस्टिलरी झाल्या. म्हणून आज इतक्या डिस्टिलरी सुंदर जागी आहेत, ओढा, धबधबा, आडोशाची घळ. पाणी हवं होतं आणि अबकारीवाल्यांची नजर नको होती!

चाखायला जायची पद्धत पण जुनीच म्हणायची. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणी बालमोरलला राहायला आली तेव्हा शेजारच्या लॉकनगर डिस्टिलरीच्या जॉन बेगने तिच्या नवऱ्यासाठी चिठ्ठी पाठवली की येऊन बघा, आणि दुसऱ्या दिवशी राणी, अल्बर्ट आणि मुलं दारात हजर. बेगने सगळं फिरवून दाखवलं आणि शेवटी चव दिली, म्हणजे आजच्या टूरचा क्रम तोच. त्याच्या दोन वर्षं आधी, १८४६ मध्ये, थॉमस कुकने लेस्टरहून साधारण ३५० लोकांना आगगाडी आणि बोटीने स्कॉटलंड दाखवलं होतं, गाइडसकट.

तरी सामान्य माणसाला डिस्टिलरीत शिरायला पुढे शंभरेक वर्षं लागली, कारण माल जवळपास सगळा ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्कीच्या मिश्रणात, जायचा, बाटलीवर ब्लेंड करणाऱ्याचं नाव, डिस्टिलरी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. ग्लेनफिडिकने १९६३ पासून आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्टची व्हिस्की, बाहेर जोरात विकायला घेतली आणि १९६९ मध्ये पाहुण्यांसाठी दालन उघडलं, मग एकेक करत बाकीचे आले. डूनजवळची डीनस्टन तर मुळात १७८५ ची कापूस गिरणी, ती १९६० च्या दशकात बंद पडली आणि तिथे व्हिस्की सुरू झाली. २०१८ मध्ये स्कॉच डिस्टिलऱ्यांना वर्षभरात मिळालेल्या भेटी पहिल्यांदा २० लाखांवर गेल्या.

आणि मिनीबसच का, तर त्यालाही एक कायदा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडने गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली, इंग्लंडमध्ये ती ८० च राहिली. म्हणजे स्वतः गाडी घेऊन गेलात तर चाखायचं विसरा, डिस्टिलरीवाले चालकाला त्याच्या वाट्याची छोट्या बाटलीत भरून देतात, ती रात्री मुक्कामाला उघडायची. ज्यांना तिथल्या तिथे चव घ्यायचीय त्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसणंच बरं.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर ग्लासगोच्या उत्तरेला डमगॉइन टेकडीखाली ग्लेनगॉइन आहे. या भागात चोरट्या भट्ट्या पुष्कळ होत्या, ग्लेनगॉइनला परवाना १८३३ चा, मागे घळीत धबधबा. १७८४ ची ती रेघ नेमकी डिस्टिलरीसमोरच्या रस्त्यावरून जाते असं मानतात. तांब्याची भांडी रस्त्याच्या या बाजूला, हायलँडमध्ये, आणि पिंपं मुरायला ठेवायची गोदामं पलीकडे, लोलँडमध्ये, त्यामुळे इथली दारू हायलँडची म्हणून जन्मते आणि रस्ता ओलांडून लोलँडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. एकेकाळी हायलँडचा माल रेघेखाली नेऊन विकला तर गुन्हा होता.