काळ्या पट्ट्या चित्र खात नाहीत

शालिमारच्या सीडीवाल्यापासून आमच्या मामांपर्यंत नाशकात सगळ्यांचं एकच म्हणणं: सिनेमाच्या डीव्हीडीत वर-खाली काळ्या पट्ट्या म्हणजे चित्र कापलंय, टीव्हीचा पडदा पूर्ण भरणारी 'फुल स्क्रीन' आवृत्तीच घे. मीही वर्षानुवर्षं तेच घेत आलो. खरं तर कात्री बहुतेकदा 'फुल स्क्रीन'लाच लागायची. २.३५:१ चं, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद चित्र ४:३ च्या जुन्या चौकोनी टीव्हीत कोंबलं की बाजूचं जवळपास ४३ टक्के गेलंच.

ॲनिमेशनची तऱ्हा मात्र निराळी. 'अ बग्ज लाइफ' (१९९८) च्या ४:३ आवृत्तीसाठी तो बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओने बऱ्याच दृश्यांत पात्रं सरकवून जवळ आणली, वर-खाली जास्तीचं चित्र तयार केलं. सिनेमातल्या मुंग्या कॉम्प्युटरमध्येच, हलवायला कोण अडवतंय! आणि १९६७ चा 'द जंगल बुक' काढलाच होता जवळपास ४:३ मध्ये. थिएटरात वर-खाली झाकून रुंद दाखवला. त्यामुळे त्याच्या जुन्या ४:३ डीव्हीडीत उलट जास्तच दिसतं. इथे मामा जिंकले, पण चुकून.

पट्ट्यांमुळे क्वालिटी जाते, हेही ऐकतो. ब्लू-रेच्या ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळींपैकी २.३५ च्या चित्राला साधारण ८१७ मिळतात, हे खरं. पण रिमोटवरचं झूम दाबून ओळी वाढत नाहीत. तेच ठिपके फुगतात आणि कडेची पात्रं बाहेर जातात.