क्रूझ सफर : केबिन, बंदरथांबे आणि किनारसहली

क्रूझ सफर : केवळ फिरण्यासाठी केलेला सागरी प्रवास. राहणे, जेवणखाण व करमणूक जहाजावरच असते आणि वाटेतल्या बंदरांत काही तास थांबून जहाज पुढे निघते. कोठे पोहोचायचे हा हेतू नसल्यामुळे पुष्कळशा सफरी जेथून सुरू होतात तेथेच संपतात. ‘जलपर्यटन’ हा पर्यायी मराठी शब्द आढळतो. पण त्यात नद्या, तलाव, खाड्या असे सगळेच येत असल्याने येथे व्यवहारात रुळलेला ‘क्रूझ’ हाच शब्द ठेवला आहे. ‘आडवे जाणे, ओलांडणे’ अशा अर्थाच्या डच क्रियापदावरून तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला असावा, असे सामान्यतः मानतात. प्रारंभी तो गस्त घालणाऱ्या जहाजांविषयी वापरला जाई; सहलीचा अर्थ बराच नंतरचा.

पहिली क्रूझ कोणती, याविषयी एकमत नाही. १८३३ च्या उन्हाळ्यात नेपल्सहून निघालेली ‘फ्रान्चेस्को प्रिमो’ ही आगबोट सिसिली, माल्टा, ग्रीस करत कॉन्स्टँटिनोपलला जाऊन सुमारे तीन महिन्यांनी परतली. काही अभ्यासक अग्रमान तिला देतात. ब्रिटिश लेखनात १८४४ साली पी अँड ओ कंपनीने साउदॅम्प्टनहून योजलेल्या भूमध्य समुद्राच्या सहली पहिल्या धरल्या जातात. मात्र त्यांतील प्रवाशांना नेहमीच्या टपाली आगबोटी बदलत जावे लागे. जानेवारी १८९१ मध्ये हँबुर्ग-अमेरिका कंपनीची ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ २४१ प्रवासी घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे निघाली. हिवाळ्यात अटलांटिकवरची वर्दळ ओसरली की जहाज रिकामे पडून राही. त्याला काम द्यावे, ही कंपनीच्या प्रवासी विभागाचे प्रमुख आल्बर्ट बालीन यांची कल्पना. १८३३ ची सफर एकांडी राहिली, तर १८९१ पासून दरवर्षीच्या सफरींचा प्रघात पडला, हे लक्षात घेता आजच्या धंद्याचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. याच कंपनीचे ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ (१९००) हे खास सफरींसाठी बांधलेले पहिले जहाज मानले जाते; ते डिसेंबर १९०६ मध्ये जमेकाजवळ खडकावर चढून निकामी झाले. १९५८ पासून जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी जहाजांना सफरींखेरीज फारसे काम उरले नाही.

नियोजनाचा क्रम : माहितीपत्रके केबिनपासून सुरुवात करतात, कारण दर केबिनचे असतात. प्रवाशाने उलट बाजूने यावे. आधी मार्ग, मग प्रत्येक बंदरातील तास, मग तेथे काय पाहायचे ते, आणि सर्वांत शेवटी केबिन. सात दिवसांत सहा बंदरे असतील तर केबिन ही झोपण्याची जागा. तिच्या बाल्कनीवर जादा पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. वसंतात व शरदात ऋतुमानानुसार जहाजे एका समुद्रातून दुसऱ्यात हलवली जातात, तेव्हाच्या अटलांटिकपार सफरींत सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही. तेथे तीच बाल्कनी सार्थकी लागते. या सफरींची दिशाही पाहावी. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे घेतल्याने काही दिवस पंचवीस तासांचे होतात, पूर्वेकडे जाताना तेवीस तासांचे, आणि रोजची एक तास अपुरी झोप आठवडाभर जाणवते.

केबिन : आतली (खिडकी नसलेली), खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट हे चार प्रकार सर्वपरिचित आहेत. सर्व केबिन बाहेरच्या बाजूस असलेले ‘रॉयल प्रिन्सेस’ हे जहाज १९८४ साली आले, त्यानंतर बाल्कनी सर्वसामान्य झाली. दर दोन माणसांनी केबिन वाटून घेण्याच्या हिशेबाने छापतात; एकट्या प्रवाशाला बहुधा दुसऱ्या रिकाम्या खाटेचेही भरावे लागतात. ‘गॅरंटी’ म्हणून विकली जाते ती केबिन स्वस्त पडते, पण नेमकी कोणती हे कंपनी ठरवते. ज्याला जागेची फिकीर आहे त्याने हा सौदा करू नये.

जागेची फिकीर का करावी, हे जहाजाच्या हालचालीवरून कळते. लाटांवर जहाज सहा प्रकारे हलते. प्रवाशाला त्यांपैकी तीन प्रामुख्याने जाणवतात : दोन्ही कुशींवर डोलणे (रोल), नाळ (जहाजाचे पुढचे टोक) व पिछाडी यांची आळीपाळीने उठबस (पिच) आणि सबंध जहाजाचे वरखाली होणे (हीव्ह). उठबस ही मुलांच्या सी-सॉसारखी असते. ३०० मीटर लांबीचे जहाज मध्याभोवती अवघा एक अंश कलले तरी टोकाची केबिन सुमारे २.६ मीटर, म्हणजे जवळजवळ एका मजल्याइतकी उचलली जाते. मध्यापासून १५ मीटरवरची केबिन मात्र २६ सेंटिमीटरच. डोलण्याचे गणित उंचीचे आहे. डोलण्याच्या अक्षापासून ३० मीटर वर असलेली केबिन तीन अंशांच्या कलाने दीड मीटरहून थोडी अधिक बाजूला सरकते. जहाजाच्या पोटाखालून दोन्ही अंगांना बाहेर काढता येणारे स्थिरकारी पंख हे डोलणे बरेच आवरतात. पण त्यांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने संथ चालीत ते फारसे कामी येत नाहीत, आणि उठबशीवर त्यांचा इलाज नाही. ‘आमच्या जहाजाला स्थिरकारी पंख आहेत, कुठलीही केबिन घ्या’ असे विक्रेता सांगतो तेव्हा तो अर्धेच सांगत असतो.

समुद्र लागण्याचे कारण डोळे व अंतर्कर्ण यांच्याकडून मेंदूला मिळणाऱ्या संदेशांतील विसंगती, हे मत अधिक मान्य आहे. शरीराचा तोल सावरण्यातील गोंधळ हेच मूळ, असेही काही संशोधक मानतात. प्रयोगांत सेकंदाला ०.२ आवर्तनांच्या आसपासचे, म्हणजे पाच सेकंदांत एकदा होणारे वरखाली हेलकावे सर्वाधिक त्रासदायक ठरले आहेत. व्यवहारात दोन्ही मतांचा निष्कर्ष एकच : ज्याला त्रास होतो त्याने जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची आणि शक्य तर क्षितिज दिसेल अशी केबिन घ्यावी. योगायोगाने ती बहुधा स्वस्तही असते.

उरलेली निवड मजल्यांच्या नकाशावरून होते. खाली केबिन, वर केबिन अशा दोन मजल्यांमधली जागा शांत. पोहण्याच्या तलावाखालच्या केबिनमध्ये पहाटे खुर्च्या ओढण्याचा खरखराट ऐकू येतो. नाट्यगृहाच्या किंवा नाचघराच्या वर असेल तर रात्री जमीन धडधडते. नकाशात काहीच न लिहिलेला कोरा चौकोन म्हणजे रिकामी जागा नव्हे. तेथे भटारखाना, यंत्रे किंवा सेवकांच्या ढकलगाड्यांची खोली असते. पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा आणि धक्क्याला लागताना जहाज बाजूला ढकलणाऱ्या आडव्या पंख्यांचा आवाज येतो, मागच्या टोकाला कंप जाणवतो. खिडकीबाहेर जीवरक्षक नौका टांगलेली असली तर उजेड मिळतो, समुद्र दिसत नाही. एक बारीकशी सोय : बहुतेक जहाजांत केबिनच्या भिंतींचा पत्रा पोलादी असतो, त्याला लोहचुंबकी आकडे पक्के चिकटतात. ओला टॉवेल, टोपी, दुसऱ्या दिवशीचे तिकीट टांगायला अशा खोलीत दुसरी जागा नसते.

प्रवाशांची गर्दी किती जाणवेल याचा ढोबळ अंदाज जहाजाच्या सकल टनाला प्रवासीसंख्येने भागून करतात. हा टन वजनाचा नसून बंदिस्त आकारमानाचा आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो मोजतात. एक लाख टनांच्या जहाजावर २,५०० प्रवासी असतील तर भागाकार ४० येतो. आकडा जितका मोठा तितकी ऐसपैस जागा.

डावी की उजवी बाजू, हा प्रश्न एकाच दिशेने जाणाऱ्या सफरींतच महत्त्वाचा. परतीच्या सफरीत दोन्ही बाजूंना किनारा दिसतो. याच संदर्भात इंग्रजी ‘पॉश’ शब्दाची कथा सांगितली जाते. भारतात येणारे श्रीमंत प्रवासी येताना डावीकडच्या व परतताना उजवीकडच्या सावलीतल्या केबिन घेत. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी) या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर उमटवली जात आणि त्यांचाच पुढे शब्द झाला, अशी ही व्युत्पत्ती. तर्क सर्वस्वी निराधार नाही. तांबड्या समुद्रातून आग्नेयेकडे येताना डावी बाजू पूर्वेला असते, म्हणजे दुपारचे ऊन उजवीकडच्यांच्या वाट्याला जाते. परंतु तसा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही, आणि ही कथा छापील स्वरूपात दिसते ती १९३० च्या दशकात, शब्द रूढ झाल्यानंतर. शिवाय जूनमध्ये उष्ण कटिबंधात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेलाही सरकतो, तेव्हा पूर्वेकडे येणाऱ्या जहाजाची डावी बाजू नेहमीच थंड असे म्हणता येत नाही. रोमानी (जिप्सी लोकांच्या) भाषेतील ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून चिल्लर नाणे, त्यावरून पैसा, त्यावरून छानछोकी करणारा, ही साखळी कोशकारांना अधिक संभाव्य वाटते. तीही निर्विवाद नाही.

बंदरथांबे : वेळापत्रकात छापलेले नाव शहराचे असते, जहाज लागते ते बंदराला. रोमसाठी चिव्हिताव्हेक्या (सुमारे ७५ किमी), पॅरिससाठी ल हाव्र (सुमारे २०० किमी), बर्लिनसाठी वार्नेम्युंडे (२०० किमीहून अधिक) आणि बँकॉकसाठी लाएम चाबांग (१०० किमीहून अधिक) ही उदाहरणे बोलकी आहेत. याउलट अथेन्सचे पिरेअस १० किमीच्या आसपास आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात बंदी झाली. तेव्हापासून ‘व्हेनिस’ या नावाखाली कधी त्रिएस्ते, कधी राव्हेन्ना असते आणि दोन्ही सुमारे दीडशे किलोमीटरवर आहेत.

तासांचेही तसेच. चिव्हिताव्हेक्याला जहाज ७ ते १९ थांबणार म्हणजे हाती बारा तास, असे वाटते. उतरण्याची परवानगी मिळून बसमध्ये बसेपर्यंत सव्वाआठ होतात. रोम गाठायला दहा. साडेअठराला शिडी उचलणार, तर वाटेतल्या गर्दीसाठी तासभर राखून १६ ला निघावे लागते. बारातले सहा उरले. कलोसियम आणि व्हॅटिकन संग्रहालय शहराच्या दोन बाजूंना असल्याने त्यांत एकच नीट पाहून होते. थांबा कोणत्या वारी पडतो हेही तपासावे. फ्लॉरेन्सचे उफ्फिझी कलासंग्रहालय सोमवारी आणि पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते. व्हॅटिकन संग्रहालये महिन्याचा शेवटचा वगळता रविवारी बंद.

जेथे धक्क्याला खोली नाही तेथे जहाज बाहेर नांगर टाकते व प्रवासी छोट्या नौकांतून किनाऱ्यावर जातात. मराठीत आगबोटींच्या काळापासून अशा नौकेला ‘पडाव’ म्हणत आले आहेत. बहुधा जहाजाच्या जीवरक्षक नौकाच या कामी जुंपतात. जाण्या-येण्यात तास-दोन तास सहज जातात, आणि वारा वाढला की पहिल्यांदा रद्द होतात ते हेच थांबे. ग्रीसमधील सँतोरीनी बेटावर तर पडावातून उतरल्यावर कड्यावर चढायला दोराची गाडी, खेचराची वाट किंवा सुमारे सहाशे पायऱ्या एवढेच मार्ग आहेत. तेथे क्रूझ प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घातली आहे, तरी गाडीची रांग सुटत नाही. बंदर वगळण्याचा अधिकार करारात कंपनीकडे असतो. म्हणून एखादे ठिकाण हेच प्रवासाचे खरे कारण असेल, तर जहाज तेथे रात्री मुक्कामी थांबेल अशी सफर पाहावी, नाहीतर जमिनीवरूनच जावे.

काही थांब्यांचे कारण नकाशात नव्हे, कायद्यात असते. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाजवाहतूक कायद्याने परदेशी ध्वजाच्या जहाजांना केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी नेण्यास मज्जाव आहे, आणि बहुतेक क्रूझ जहाजे परदेशी ध्वजाचीच. त्यामुळे सिअ‍ॅटलहून अलास्काला जाऊन परतणारे जहाज कॅनडातील व्हिक्टोरियाला, पुष्कळदा संध्याकाळचे काही तास, थांबते. एका अमेरिकी बंदरात चढून दुसऱ्यात उतरायचे असेल तर असे जवळचे बंदर पुरत नाही. कायद्याच्या व्याख्येतील ‘दूरचे’ परदेशी बंदर लागते. कुरासाव, अरूबा, बोनेर यांची गणना त्यात होते, कॅरिबियनमधील बाकीच्या बहुतेक बेटांची होत नाही. प्रवाशाने थांबा लहान का म्हणून हळहळू नये. तो मुळात त्याच्यासाठी नसतोच.

किनारसहली : जहाजातून विकत घेतलेली सहल महाग पडते आणि चाळीस-पन्नास जणांच्या बसच्या चालीने चालते. तिच्या किमतीत खरे विकले जाते ते आश्वासन : बसला उशीर झाला तर जहाज थांबते किंवा कंपनी पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवते. स्वतंत्रपणे गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. स्वतःची सहल आखणाऱ्याने म्हणूनच अंतराचा विचार करावा. शहर धक्क्याला लागून असेल तर जहाजाच्या सहलीची गरज सहसा नसते. एका बाजूचा प्रवास किनाऱ्यावरच्या एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असेल, किंवा पडावाने उतरायचे असेल, तर आश्वासन विकत घेणे बरे. थांबा रद्द झाला की जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्याशी तसे आधी ठरवून घ्यावे लागते.

उशिराचे नेहमीचे कारण मात्र अंतर नसून घड्याळ असते. जहाज कधी कधी स्वतःची वेळ पाळते, मोबाइल किनाऱ्यावरच्या मनोऱ्याची वेळ उचलतो, आणि दोन्हींत तासाचा फरक पडू शकतो. मनगटी घड्याळ सकाळी शिडीजवळच्या घड्याळाशी जुळवून दिवसभर त्याला हात न लावणे हा जुना उपाय अजून चालतो.

अंटार्क्टिकात ही सारी गणिते बदलतात. तेथे एका ठिकाणी एका वेळी शंभरहून अधिक प्रवासी उतरवत नाहीत आणि पाचशेहून अधिक प्रवाशांचे जहाज कोणालाच उतरवत नाही. तेव्हा मोठ्या जहाजाचे तिकीट काढलेल्याला ते खंड फक्त कठड्यावरून दिसते.