लिनक्सवरचे इंडी गेम: नेटिव्ह बिल्डपासून प्रोटॉनपर्यंत

छोटा, म्हणजे इंडी, गेम विकायला काढताना लिनक्ससाठी वेगळा बिल्ड (थेट लिनक्सवर चालणारी, ‘नेटिव्ह’ आवृत्ती) करावा का, असं आज लिनक्सवाल्यांनाच विचारलं, तर बरेच जण सांगतात, ‘नको, विंडोजचाच प्रोटॉनवर नीट चालू दे.’ प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा थर. पंधरा वर्षांपूर्वी हे कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

1998 मध्ये स्कॉट ड्रेकर यांनी सुरू केलेली लोकी सॉफ्टवेअर विंडोजचे गाजलेले गेम लिनक्सवर आणून खोक्यातून विकायची. जानेवारी 2002 मध्ये ती बंद पडली, पण सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी मागे राहिली. विंडो, आवाज, कीबोर्ड हे सगळं एकाच पद्धतीनं हाताळणारा हा थर आजही असंख्य गेमच्या पोटात आहे. लोकीचे गेम मात्र आता सरळ चालत नाहीत. ते 32 बिटचे आहेत आणि आवाजासाठी ओएसएस ही जुनी ध्वनियंत्रणा शोधतात, जी बहुतेक डिस्ट्रोंमधून (उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या अवतारांमधून) कधीच गेली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुन्या प्रोग्रॅमना सांभाळून घेतो, वरच्या लायब्रऱ्या घेत नाहीत. दुखणं मुळात इथलं.

मे 2010 मध्ये पहिलं हंबल इंडी बंडल, म्हणजे इंडी गेमचा एकत्र विकलेला संच, आलं. किंमत ज्यानं त्यानं ठरवायची होती, आणि लिनक्सवाल्यांनी सरासरीनं विंडोजवाल्यांपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले. ‘हे फुकटे’ हा शिक्का तिथं पुसला गेला. 2012 मध्ये युनिटी 4 या गेम इंजिनमध्ये लिनक्स एक्सपोर्ट आला, फेब्रुवारी 2013 मध्ये व्हॉल्व कंपनीचं ऑनलाइन गेम-दुकान स्टीम लिनक्सवर आलं. बिल्ड काढणं एका टिचकीचं काम झालं. तपासणं मात्र राहून गेलं.

चुका ठरलेल्या. फाइलचं नाव ‘player.png’ आणि कोडमध्ये मात्र पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर विंडोजला फरक पडत नाही. लिनक्सवर चित्रच गायब. उबुंटू 22.04 वर कंपाइल केलेला गेम डेबियन 11 वर बहुधा उघडतच नाही, कारण पहिल्याची जीलिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी) 2.35, दुसऱ्याची 2.31. नवी लायब्ररी जुना प्रोग्रॅम चालवते, उलटं होत नाही. उपाय साधा आहे: स्टीमच्या ‘स्निपर’ कंटेनरमध्ये (ठरावीक लायब्रऱ्यांच्या बंदिस्त वातावरणात) कंपाइल करा, तो डेबियन 11 वरच बेतलेला आहे.

ऑगस्ट 2018 मध्ये व्हॉल्वनं प्रोटॉन आणला: विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन, आणि विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या ग्राफिक्स-यंत्रणेचं लिनक्सवरच्या व्हल्कनमध्ये रूपांतर करणारं डीएक्सव्हीके. फाइलच्या नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ वाइनच निस्तरतं. अडतं ते व्हिडिओपाशी. एमपीफोर कटसीन (गेममधले कथेचे व्हिडिओ) विंडोजच्या मीडिया फाउंडेशन या व्हिडिओ-यंत्रणेवर विसंबलेले असतात. प्रोटॉनवर कधी कधी तिथं नुसते रंगीत पट्टे दिसतात. युनिटीत तोच व्हिडिओ व्हीपी8 वेबएम या खुल्या फॉरमॅटमध्ये दिला की युनिटी तो स्वतःच डीकोड करतं. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टीम डेक हे व्हॉल्वचं हातात धरायचं, लिनक्सवर चालणारं गेमयंत्र आल्यावर व्हॉल्वच्या तपासणीत अक्षरांच्या आकाराचीही भर पडली: 1280 × 800 वर कुठलंही अक्षर 9 पिक्सेलपेक्षा बुटकं नको.

गोडो या गेम इंजिनमधून चांगला नेटिव्ह बिल्ड काढणं आजही अवघड नाही. काढलाच, तर प्रत्येक अपडेटबरोबर तोही अपडेट करा. डेस्कटॉपवर स्टीम सहसा नेटिव्हच उतरवतं. तो दोन आवृत्त्या मागे राहिला की खेळणारा प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सक्तीनं प्रोटॉन लावतो. आणि क्लाउड सेव्हमध्ये (खेळाची प्रगती ऑनलाइन साठवायच्या सोयीत) दोन्ही बिल्डचे फोल्डर जोडलेले नसतील, तर वीस तासांचा खेळ पुन्हा पहिल्या लेव्हलपासून.