लूनचं घरटं आणि पिल्लं बघणं

लून हा थंड प्रदेशातला, पाण्यात बुडी मारून मासे पकडणारा पक्षी. जगात याच्या पाच जाती आहेत, पण घरट्यावर नजर ठेवून पिल्लं निघताना बघायचा नाद लोकांना लागलाय तो मुख्यतः कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या तळ्यांवरच्या कॉमन लूनचा, शास्त्रीय नाव गॅव्हिया इमर. मिनेसोटाचा हा 1961 पासून राज्यपक्षी, आणि कॅनडाच्या 1987 च्या एक डॉलरच्या नाण्यावरही हाच, म्हणून त्या नाण्याला लोक 'लूनी' म्हणतात.

नावाचा घोळ मात्र मोठा आहे. इंग्लंडात याला डायव्हर म्हणतात. लून हा शब्द बहुधा जुन्या नॉर्स या उत्तर युरोपातल्या प्राचीन भाषेतल्या 'लोमर'वरून आला, स्वीडिशमध्ये अजून 'लोम' आहेच. दुसरं मत असं की जमिनीवरच्या बेंगरूळ चालीवरून ठेवलेलं हे नाव. स्कँडिनेव्हियातली नावं इतकी जवळची आहेत की पहिलं मतच जास्त पटतं. 'इमर'चंही तसंच, कोणी लॅटिनमधल्या 'बुडणे' या क्रियापदाशी जोडतं तर कोणी राखेच्या रंगाशी, पण हे शास्त्रीय नाव देणाऱ्या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ ब्रुनिखने 1764 मध्ये ते नॉर्वेतल्या चालू नावावरून उचललं असावं हे सरळ वाटतं. त्यात सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने लून आणि ग्रीब म्हणजे आपल्या टिबुकलीचं कुळ एकाच कोलिंबस वंशात घातलं होतं, युरोप-अमेरिकेत ते नाव वेगवेगळ्या पक्ष्यांना वापरलं जाऊ लागलं आणि शेवटी 1956 मध्ये ते बादच केलं. पिल्लं पाठीवर घेऊन पोहायची सवय दोघांना आहे, पण नातं जवळचं नाही.

लूनचे पाय शरीराच्या पार मागे असतात, चालता जवळजवळ येत नाही, म्हणून घरटं अगदी पाण्याच्या कडेला, जमलं तर बेटावर. अंडी बहुतेक दोन, साधारण चार आठवडे नर-मादी पाळीपाळीने बसतात. पिल्लं एकाच वेळी निघत नाहीत, सहसा दिवसभराचं अंतर पडतं, आणि एक-दोन दिवसांत काळी कापसाची बोंडं पाण्यात. पहिले एक-दोन आठवडे पाठीवरची सवारी चालते, कारण वर गरुड आणि खाली मोठे मासे, कासवं. उडायला अकरा-बारा आठवडे लागतात.

जोडी आयुष्यभराची असते असं बरेच लोक सांगतात. ओळखीसाठी पायात कडी घातलेल्या पक्ष्यांवरून दिसतं ते वेगळं: ओढ तळ्याची असते, उपरा लून मारामारी करून जागा बळकावतो आणि उरलेला जोडीदार त्याच्याशीच संसार मांडतो.

बघणाऱ्याने निदान 45 मीटर लांब राहायचं. बसलेल्या लूनने मान लांब करून डोकं पाण्यालगत टेकवलं तर तो 'जवळ आलात' म्हणतोय, होडी मागे घ्यायची. पाण्याची पातळी चढ-उतार होते तिथे लोक घरट्यासाठी तरंगते तराफे बांधून ठेवतात, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात घरट्यावर लाइव्ह कॅमेराही लावतात. पण पिल्लं पाण्यात उतरली की घरटं रिकामं, कॅमेऱ्यात नुसतं गवत दिसतं.

शरद ऋतूत आई-बाप बहुधा आधी निघतात, पिल्लं मागून आपली आपण समुद्र गाठतात आणि दोन-तीन वर्षं तिथेच राहतात.