सोळा इंच घालू काय? गोव्याचे रस्ते आणि टायरच्या साईझचं गणित

'गाडी वळणावर जरा डोलते, सोळा इंच घालू काय?' म्हापशापासून मडगावापर्यंत कुठल्याही टायरच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, पंधराच्या जागी सोळा इंचाची रिम घालायचा हा प्रश्न कानावर पडतोच, आणि उत्तरही ठरलेलं असतं, घाला की, लुक एकदम भारी येतो. लुक येतो हे मान्य. पण गाडी वळणावर कशी वागेल, पावसात थांबेल काय आणि खड्ड्यात गेल्यावर काय होईल हे लुकवर ठरत नाही, ते रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जे दहा-बारा सेंटीमीटर रबर आणि हवा आहे त्याच्यावर ठरतं. आणि व्हील मोठं केलं की आपण नेमकं तेच कमी करत असतो.

आधी टायरवरचा आकडा. समजा लिहिलंय १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साईडवॉलची, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधल्या टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यात, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलणार, आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत चालणार, जी स्पीड आपल्याकडे कोणी गाठू नये.

आता गणित करा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी, वर आणि खाली मिळून २४०.५, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की टायरचा एकूण व्यास ६२१.५ मिमी. हेच १९५/५५ आर१६ चं करून बघा, ६२०.९ येतं. म्हणजे रिम एक इंचाने वाढली, रुंदी वाढली, तरी बाहेरून टायर तेवढाच राहिला, अर्ध्या मिलिमीटरचा फरक. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना खालच्या व्हेरियंटला १८५/६५ आर१५ आणि टॉपला १९५/५५ आर१६ मिळतं ते असं मेळ घालूनच. अजून पुढे २०५/४५ आर१७ घेतलं तर ६१६.३, तेही जवळपास तेवढंच. पण साईडवॉल बघा, १२० वरून १०७ आणि १०७ वरून ९२. बाहेरून काही बदललेलं नाही आणि आतली हवेची गादी पाव हिश्श्याने गेली.

उलट काही जण रिम तीच ठेवतात आणि टायर मोठा घालतात, पंधरावर २०५/६५ वगैरे. त्याचा व्यास ६४७.५, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. ग्राउंड क्लिअरन्स १३ मिमी वाढतो, स्पीडब्रेकरवर बरं वाटतं. पण एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, त्यामुळे मीटर ८० दाखवतो तेव्हा आधीपेक्षा तीन किमी जास्त पळत असते, गिअर लांब झाल्यासारखे वाटतात, घाटात पिकअप मंदावतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासल्याचा आवाज यायला लागतो. मूळ व्यासाच्या दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये असं सगळीकडे सांगतात ते उगाच नाही.

आता हँडलिंग. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की रिम लगेच वळते, पण रस्त्याला चिकटलेलं रबर अजून जुन्याच दिशेला असतं, मधली साईडवॉल आणि ट्रेड (रस्त्याला टेकणारा खाचांचा थर) थोडे पिळवटतात आणि त्या पिळातूनच गाडीला बाजूला ढकलणारा जोर तयार होतो. टायर ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्ष ज्या दिशेला जातोय यात काही अंशांचा फरक पडतो, त्याला स्लिप अँगल म्हणतात, आणि टायर अजिबात घसरत नसताना, अगदी चोडणच्या गल्लीत आरामात वळतानाही तो असतोच. हा जोर पूर्ण यायला चाकाला साधारण अर्धा ते एक फेरा फिरावं लागतं. आपल्या ६२१ मिमीच्या टायरचा एक फेरा म्हणजे जवळपास दोन मीटर, ४० च्या स्पीडला सेकंदाचा पाचवा-सहावा भाग. ऐकायला किरकोळ, पण हाताला तो कळतो. साईडवॉल बुटकी आणि कडक असली की हा उशीर कमी होतो आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी हाताबरोबर वळतेय असं वाटतं, लोक ज्याला टाइट हँडलिंग म्हणतात ते बरंचसं हेच.

पण 'डोलते' ही तक्रार वेगळी. गाडीची बॉडी वळणावर झुकते ती सस्पेन्शनमुळे, शॉक अॅब्सॉर्बर गेले असतील तर जास्तच, आणि सतरा इंच घातले तरी ती झुकणारच. आणि अर्ध्या वेळा तर हवाच कमी असते. २४-२५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) चालवणारे लोक गाडी डोलते म्हणून मोठ्या अलॉय व्हीलचे भाव विचारतात, त्यांनी आधी पंपावर पाच मिनिटं थांबावं, खर्च शून्य.

रुंद टायरची पकड जास्त असते हेही सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. गाडी माणसांसकट १२०० किलो धरा, एका चाकावर ३००. हवा ३३ पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की टायर रस्त्याला टेकतो ती जागा १३० चौ.सेंमीच्या आसपास येते, बोटांसकट आपल्या पंजाएवढी. साईडवॉलच्या कडकपणामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, तरी मजा अशी की या हिशोबात रुंदी कुठेच नाही. वजन तेच आणि हवा तीच तर जागाही जवळपास तेवढीच राहते, फक्त आकार बदलतो, अरुंद टायरची लांबट आणि रुंद टायरची आडवी. आडव्या आकाराचा वळताना फायदा होतो. शिवाय शाळेत शिकवतात की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, रबर ते पूर्णपणे मानत नाही, दाब जितका समान पसरेल तितकी रबराची पकड थोडी वाढते. म्हणून कोरड्या रस्त्यावर रुंद टायर थोडा सरस ठरतो. दहा मिमीच्या फरकाने चमत्कार होत नाही, टायर कुठल्या रबराचा आहे याने त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो.

पण आपल्याकडे रस्ता कोरडा असतो किती महिने? गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आणि इथे तो आडवा पंजा आपल्यावर उलटतो. पाण्यातून जाताना टायरला समोरचं पाणी ढकलून बाजूला किंवा खाचांमध्ये काढावं लागतं. रुंद टायरच्या मधल्या पाण्याला बाहेर पडायला लांब जावं लागतं, आणि टेकलेली जागा आडवी-आखूड असल्यामुळे वेळही कमी मिळतो. पाणी निघालं नाही की टायर त्याच्यावर चढतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि गाडी सरळ जात राहते, तुम्ही काहीही फिरवा. १९६०च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रात विमानांच्या टायरवर प्रयोग करून याचं एक सोपं सूत्र काढलं, तरंगायला लागण्याची स्पीड टायरच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ते सूत्र लावलं तर ३३ पीएसआयला ताशी ९६ किमी येतात आणि २४ पीएसआयला ८२. म्हणजे नुसती हवा कमी ठेवून तुम्ही चौदा किमी घालवलेत. कारच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ट्रेडची खोली, पाण्याची खोली आणि पंजाचा आकार यांनी बदलतात, पण कल बरोबर आहे. हायवेवर वेर्ण्याच्या पठारावर जुलैची सर आली आणि डाव्या लेनमध्ये पाणी साचलं की ८० ही काही मोठी स्पीड नाही.

कायद्याने ट्रेड १.६ मिमीपर्यंत चालते, टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, ट्रेड त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण नवा टायर साधारण आठ मिमीचा असतो आणि १.६ वर पाणी बाहेर काढायला काही उरलेलंच नसतं. माझ्या मते आपल्याकडे तीन मिमीला टायर काढावा, आणि तोही मे महिन्यात, ऑगस्टमध्ये नाही.

पावसानंतर येतात खड्डे. बुटकी साईडवॉल खड्ड्याच्या धारेवर आपटते तेव्हा ती रिम आणि धार यांच्यात चिमटते, आतले धागे तुटतात, बाहेरचं रबर मात्र शाबूत राहतं आणि मग आतली हवा त्या कमजोर जागी रबर बाहेर ढकलते. तोच तो बबल. पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर टाकूनच द्यायचा. १२० मिमीची साईडवॉल असा बराच मार गिळते, ९२ मिमीची गिळत नाही आणि बऱ्याचदा बरोबर रिमही बेंड होते. फेरीबोटीवर चढताना लोखंडी रॅम्पची कड बघा कधी, ओहोटीला धक्का आणि रॅम्प यांच्यात जी पायरी पडते तिच्यावर सतरा इंचवाला गाडी अक्षरशः मुंगीच्या पावलांनी नेत असतो आणि मागचे हॉर्न मारत असतात.

वजनाचं पण सांगायला हवं. अलॉय हलकं असतं हा समज त्याच साईझच्या स्टीलशी तुलना केली तर बरेचदा खरा, पण पंधराच्या स्टीलऐवजी स्वस्तातलं सतराचं अलॉय घातलं तर वजन वाढूही शकतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शनला तेवढं जास्त उचलून खाली आणावं लागतं, शिवाय ते फिरवायलाही इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त काम. एव्हरेज पडतं ते या वजनामुळे आणि रुंद टायरच्या जास्त रोलिंग रेझिस्टन्समुळे, म्हणजे टायर फिरताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना अजून एक डोकेदुखी, खारी हवा. अलॉयवरचा पेंट टवका उडून निघाला की टायर जिथे रिमला बसतो तिथे पांढरी बुरशीसारखी गंज धरते आणि दर आठवड्याला एका चाकाची हवा थोडी थोडी उतरते. पंक्चर सापडत नाही. टायर उतरवून ती जागा घासून घेतली की थांबतं.

दुकानात साईझ जुळली की काम झालं असं समजू नका, रिमला अजून तीन आकडे असतात. एक पीसीडी, म्हणजे बोल्टांचं वर्तुळ. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना ४×१००, जुन्या फियाट पुंतो-लिनियाला ४×९८. दोन मिमीचा फरक, जोर लावला की एकाचं व्हील दुसऱ्याला बसतं पण, फक्त नट तिरके बसतात आणि चालता चालता सैल होतात. दुसरा मधल्या भोकाचा व्यास. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांचा हब, म्हणजे ते भोक ज्याच्यावर बसतं तो गाडीकडचा भाग, ५४.१ मिमीचा, बाजारातल्या अलॉयचं भोक बरेचदा ७३.१ चं, कारण एकच व्हील दहा गाड्यांना खपवायचं असतं. मध्ये रिंग घालावी लागते, नाहीतर ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगवाल्याला शिव्या बसतात. तिसरा ऑफसेट, रिमवर ईटी म्हणून लिहिलेला. ईटी ४५ ऐवजी ३५ घेतलं की व्हील दहा मिमी बाहेर येतं. दिसायला मस्त, पण स्टिअरिंगच्या अक्षापासून चाक लांब गेल्यामुळे एक चाक चिखलात आणि एक डांबरावर असताना ब्रेक मारला की हातातून स्टिअरिंग ओढलं जातं, बेअरिंगवर भार वाढतो, आणि पावसात लाल माती थेट दरवाजाच्या हँडलपर्यंत उडते.

मग घालायचं काय? माझं मत विचाराल तर कंपनीने त्याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटला दिलेली साईझ, त्याच ईटी आणि पीसीडीसकट, ही हद्द. त्यात ब्रेक, सस्पेन्शन, मीटर सगळ्याचा विचार झालेला असतो आणि इन्शुरन्सवालाही वाकडं बोलत नाही. वाळपई, सांगे, काणकोण अशा भागात रोज जाणं असेल तर तेही नको, मूळ पंधराच बरे. अलॉयचे वाचलेले पैसे चांगल्या टायरमध्ये घाला. २०२२ पासून सरकारने टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांचे नियम आणलेत, तेव्हा विकत घेताना ओल्या पकडीबद्दल विचारायला लाजू नका. उसगावला आपल्या घराजवळ टायरचा एवढा मोठा कारखाना आहे आणि आम्ही दुकानात जाऊन फक्त रिमचं डिझाईन बघतो.

तारखेकडे पण बघा. साईडवॉलवर चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं, कारण मालक तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला, किंवा गल्फला, गाडी सहा-आठ महिने फणसाखाली उभी, अशी घरं गावोगाव आहेत. ट्रेड नवीच दिसते, पण रबर कडक होऊन गेलेलं असतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकडच घेत नाही. सहा वर्षांपुढचा टायर असेल तर ट्रेड कितीही असो, एकदा नीट तपासून घ्यावा, साईडवॉलला बारीक चिरा दिसल्या तर तो हायवेवर नेऊ नये.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घाला, गाडी पुढच्या चाकावर चालणारी असली तरी. पुढचा टायर घसरला की गाडी सरळ जाते आणि ते हाताला कळतं, मागचा घसरला की गाडी गरगर फिरते आणि कळेपर्यंत तोंड उलट दिशेला झालेलं असतं. नवी साईझ घेतलीत तर स्टेपनी जुनीच राहते, ती लावून जपून, कमी स्पीडला घरापर्यंत यायचं, आठवडाभर फिरायचं नाही. हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. आणि अलॉय बसवल्यावर पन्नास-शंभर किमी झाले की परत जाऊन नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या. एअर गनने भर्रकन फिरवून 'झालं पात्रांव' (म्हणजे झालं मालक) म्हणणाऱ्याला दोन मिनिटं थांबवा आणि रेंच आणायला सांगा.