एच. पायलोरी: रक्ताची चाचणी आणि श्वासाची चाचणी

सैन्यातून निवृत्त होऊन अमळनेर, पारोळा किंवा चाळीसगावकडे परतलेल्या माणसाच्या हाती तपासणी शिबिरानंतर ‘एच. पायलोरी (जठरात राहणारा एक जंतू) पॉझिटिव्ह’ असा कागद पडला, की घरच्यांच्या मनात आधी कॅन्सरच येतो. खरे तर आधी विचारायला हवे की चाचणी रक्ताची होती की श्वासाची. दोन्ही कागदांवर शब्द तोच असतो. पण रक्ताची चाचणी या जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती एवढेच सांगते, तर श्वासाची चाचणी तो आज जठरात आहे का, हे सांगते.

हा जंतू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वेगळा काढला आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतात हे सिद्ध झालेल्यांत, घातले होते. तरीही लागण झालेल्या बहुतेकांना जठराचा कॅन्सर कधीच होत नाही. जवानांच्या तपासणीचा विचार होतो, कारण ते एकत्र राहतात, एकाच लंगरात जेवतात आणि त्यांच्या प्रकृतीची नोंद वर्षानुवर्षे ठेवली जाते. मात्र लागण बहुधा बालपणी घरातच होते, त्यामुळे सगळा दोष बराकीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

रक्ताची चाचणी स्वस्त आणि सोपी असते: बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर टाकायचा, काही मिनिटांत रेघ उमटते. ही रेघ जंतूची नसून त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची असते, आणि जंतू नष्ट झाल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात टिकतात. नोकरीत असताना ज्याने उपचार पूर्ण केले, त्याचीही रेघ आज उमटू शकते. केवळ तेवढ्यावरून त्याला पुन्हा अँटिबायोटिक देणे चूकच.

श्वासाच्या चाचणीत उपाशीपोटी एकदा पिशवीत फुंकायचे, मग खुणेचा कार्बन असलेल्या युरियाचे द्रावण प्यायचे आणि साधारण अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचे. जंतू असेल तर त्याचे युरिएज हे विकर युरिया फोडते आणि खुणेचा कार्बन वायुरूपाने श्वासात येतो. शौचाच्या नमुन्यात जंतूचे अंश शोधणारी चाचणीही अशीच आजची स्थिती दाखवते. या दोन्हींची अडचण वेगळी आहे. शेवभाजी आणि ठेच्यानंतर जळजळ झाली म्हणून मेडिकलमधून पँटोप्राझोलची पाकिटे आणून महिनोन्‌महिने रोज एक गोळी घेणारे आपल्याकडे कमी नाहीत (मसाल्याने जळजळ वाढते, जंतू येत नाही), आणि ही गोळी चालू असताना जंतू दबून राहतो व चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून ती दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावे लागते. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र त्यांना विचारूनच थांबवावी.

रक्ताच्या चाचणीवर या गोळीचा परिणाम होत नाही. शिवाय जुन्या दाहामुळे जठराचे अस्तर झिजून गेले, की तेथे जंतूही फारसा उरत नाही. अशा वेळी श्वास निर्दोष दिसतो, रक्तात मात्र खूण राहते, आणि कॅन्सरचा धोका नेमका याच लोकांना अधिक असतो. जपानमध्ये प्रतिपिंडांच्या जोडीने रक्तातील पेप्सिनोजेनही (जठराच्या अस्तरात तयार होणारा, त्याची झीज दाखवणारा पदार्थ) मोजून जोखमीचे गट पाडले जातात, ते यासाठीच.

उपचार बहुधा चौदा दिवसांचे आणि तीन-चार औषधांचे असतात. त्यांत मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल, तर कँटीनच्या रमची बाटली तोवर कपाटातच राहू द्यावी. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वास किंवा शौच तपासावे. रक्त पुन्हा तपासून काहीच कळणार नाही.

शिबिर भरवणाऱ्यांनी खर्चापायी रक्ताचीच पट्टी निवडली, तर पॉझिटिव्ह आलेल्यांना तेथेच गोळ्या न वाटता दुसरी चाचणी करायला सांगावे. श्वासाचे यंत्र तालुक्याला नसेल, तर शौचाचा नमुना डबीत घालून जळगाव-धुळ्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. वजन घटणे, काळी शौच, गिळताना अडकणे यांपैकी काही असेल, तर या दोन्ही चाचण्यांत वेळ न घालवता थेट दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.